कॅम्पर व्हॅनमध्ये गाडीची बॅटरी आणि घरची बॅटरी कशी जोडायची?

कॅम्पर व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एक पुढे, बॉनेटखाली किंवा सीटखाली. ती सेल्फ फिरवून इंजिन चालू करते. दुसरी मागे, बेडखाली किंवा कपाटात. तिच्यावर फ्रिज, पंखा, दिवे आणि लॅपटॉप चालतो. या लेखात पहिलीला 'गाडीची बॅटरी' आणि दुसरीला 'घरची बॅटरी' म्हणूया. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (गॅरेजमधले बरेच जण त्याला अजूनही डायनामोच म्हणतात) गाडीची बॅटरी चार्ज करतच असतो. मग त्यातलाच थोडा करंट मागे नेऊन घरची बॅटरीही चार्ज करावी, ही कल्पना अगदी सरळ आहे. दोन्हींचे पॉझिटिव्ह एका जाड वायरने जोडले की झालं, असं वाटतं. आणि खरंच, तेवढ्याने चार्जिंग सुरूही होतं.

गडबड होते ती इंजिन बंद केल्यावर. वायरला दिशा कळत नाही. रात्रभर फ्रिज चालतो, तो दोन्ही बॅटऱ्यांमधून करंट ओढतो, आणि सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता 'कट-कट' करतो. मुक्काम गावाबाहेर, धरणाच्या काठावर असेल तर धक्का मारायलाही कोणी नसतं. म्हणून या जोडणीचा खरा प्रश्न 'जोडायचं कसं' हा नाही. तोडायचं कधी, आणि जोडलेलं असताना किती करंट जाऊ द्यायचा, हे दोन प्रश्न आहेत. पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

दोघींचं काम वेगळं आहे

डिझेल व्हॅनचा सेल्फ साधारण २०० ते ४०० अँपिअर करंट ओढतो, पण फक्त दोन-तीन सेकंद. हिशेब करून बघा: ३०० अँपिअर गुणिले ३ सेकंद म्हणजे ९०० अँपिअर-सेकंद, म्हणजेच फक्त पाव एएच! ७० एएचच्या बॅटरीतून गाडी चालू करायला पाव एएच लागतो. गाडीच्या बॅटरीची कमाई साठवणुकीत नसून झटक्यात आहे. त्यासाठी तिच्यातल्या प्लेट्स पातळ आणि संख्येने जास्त असतात. अशी बॅटरी वारंवार पूर्ण उतरवली तर काही डझन वेळांतच ती कामातून जाते.

घरच्या बॅटरीचं उलटं आहे. तिला झटका द्यायचा नसतो, पण तासन्‌तास पुरायचं असतं. एका दिवसाचा अंदाज असा: ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो आणि आपल्या हवेत साधारण ४० टक्के वेळ चालू असतो असं धरलं, तर २४ तासांत ४३२ वॉट-अवर. २५ वॉटचा पंखा ८ तास, २००. दिवे ५०, दोन मोबाइल ३०. लॅपटॉपवर सहा तास काम करणार असाल तर ६० वॉटच्या हिशेबाने आणखी ३६०. बेरीज १०७२ वॉट-अवर, म्हणजे १२.८ व्होल्टला साधारण ८४ एएच. यात इन्व्हर्टरची गळती धरलेली नाही. (लॅपटॉपला शक्य असेल तर थेट १२ व्होल्टवर चालणारा यूएसबी-सी चार्जर घ्या. १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा २० व्होल्ट करण्यात काही अर्थ नाही.)

आता लॅपटॉप सोडून द्या, फक्त संध्याकाळी आठ ते सकाळी आठ एवढाच फ्रिज, पंखा आणि दिवे धरा. तरी ४६६ वॉट-अवर होतात, म्हणजे ३९ एएच. ७० एएचच्या गाडीच्या बॅटरीचा अर्ध्याहून जास्त भाग एका रात्रीत संपला. दुसरी बॅटरी का लागते आणि ती रात्री वेगळी का झालीच पाहिजे, हे या आकड्यातच आहे.

जुने उपाय: हाताचा स्विच, डायोड, रिले

सगळ्यात साधा उपाय म्हणजे मध्ये एक मोठा बॅटरी स्विच. गाडी चालू केली की लावायचा, थांबलो की काढायचा. यात बिघडण्यासारखं काही नाही, फक्त माणूस विसरतो. दहा दिवसांच्या ट्रिपमध्ये एकदा विसरलं तरी पुरे.

दुसरा उपाय डायोडचा. डायोडमधून करंट एकाच दिशेने जातो, त्यामुळे तोडायचा प्रश्नच येत नाही. पण सिलिकॉन डायोड स्वतः ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असेल तर मागे १३.५ पोचतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी एवढ्यावर कधीच पूर्ण भरत नाही. शिवाय ५० अँपिअरला ०.७ व्होल्ट म्हणजे ३५ वॉट नुसती उष्णता. आता हा उपाय कोणी नव्याने बसवू नये असं माझं मत आहे.

तिसरा रिलेचा. हॉर्नला किंवा हेडलाइटला जो चौकोनी रिले असतो त्याचाच मोठा भाऊ. रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात: ३० आणि ८७ मधून मोठा करंट जातो, ८५ आणि ८६ ही कॉइल. कॉइलला इंजिन चालू असल्याचा सिग्नल दिला की दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात. इथे एक चूक बरेच जण करतात: हा सिग्नल इग्निशनवरून घेतात. किल्ली फिरवली की इग्निशन आधी येतं आणि सेल्फ नंतर फिरतो. म्हणजे सेल्फ फिरताना रिले जोडलेलाच असतो, आणि सेल्फ आपला शेकडो अँपिअरचा घास मागच्या बॅटरीतूनही, त्या मधल्या वायरमधून, ओढायला बघतो. फ्यूज उडाला तर नशीब समजायचं. सिग्नल घ्यायचाच तर अल्टरनेटरच्या डी-प्लस टर्मिनलवरून, म्हणजे डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझवणाऱ्या वायरवरून घ्यायचा. अल्टरनेटर प्रत्यक्ष वीज द्यायला लागल्यावरच तिथे व्होल्टेज येतं.

या रिलेचं शहाणं रूप म्हणजे व्होल्टेज बघणारा रिले, ज्याला व्हीएसआर म्हणतात. त्याला कुठलीही सिग्नल वायर लागत नाही. गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की इंजिन चालू आहे असं तो समजतो आणि जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. कंपनीप्रमाणे आकडे थोडे बदलतात. जोडायचा आणि तोडायचा आकडा मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो आणि मध्ये काही सेकंदांची वाटही बघितली जाते, नाहीतर रिकामी बॅटरी जोडल्या जोडल्या व्होल्टेज खाली येईल, रिले तुटेल, व्होल्टेज वर जाईल, पुन्हा जुळेल, आणि ही टकटक चालूच राहील. (कोड लिहिणाऱ्यांना हे डिबाउन्ससारखं वाटेल. तेच आहे.)

लेड-ॲसिडच्या दोन बॅटऱ्या आणि जुन्या धाटणीचा, सतत १४ व्होल्टच्या आसपास देणारा अल्टरनेटर असेल, तर व्हीएसआर आजही उत्तम आणि स्वस्त आहे. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी आरामात असताना १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी असेल तर १२.२. म्हणजे इंजिन बंद झाल्यावर थोड्याच वेळात व्होल्टेज आपोआप १२.८ च्या खाली येतं आणि दोघी वेगळ्या होतात. सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. आणि लिथियम आल्यावर नेमकी हीच गोष्ट बदलली.

लिथियममुळे काय बिघडलं

व्हॅनमध्ये जी लिथियम बॅटरी वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट, थोडक्यात एलएफपी. १०० एएचची एलएफपी १२-१३ किलोची असते, तर घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर पन्नास-साठ किलोची. शिवाय एलएफपीतली जवळजवळ सगळी वीज वापरता येते. लेड-ॲसिडची निम्मीच वापरावी असा दंडक आहे. त्यामुळे परवडत असेल तर सगळे एलएफपीच घेतात, आणि बरोबरच आहे.

पण एलएफपीचं व्होल्टेज आरामात असतानाही १३.२ ते १३.४ च्या आसपास असतं, आणि रिकामी होत येईपर्यंत ते फारसं हलत नाही. आता व्हीएसआरच्या नजरेने बघा. इंजिन बंद आहे, तरी १३.२ व्होल्ट दिसतायत. तोडायचा आकडा १२.८. म्हणजे तो तोडतच नाही! घरची बॅटरी रिकामी होत येईपर्यंत रात्रभर दोघी जोडलेल्याच.

यात गाडीची बॅटरी लगेच उतरते असं मात्र नाही. एलएफपीचं व्होल्टेज जास्त असल्यामुळे तीच आधी करंट देते, उलट गाडीच्या बॅटरीला वरच उचलून धरते. इंटरनेटवर 'लिथियमबरोबर व्हीएसआर लावला की सकाळी गाडी चालू होणार नाही' असं सरसकट सांगतात, ते तितकंसं खरं नाही. खरी अडचण सकाळी सेल्फ मारताना येते. रिले जोडलेला आहे, गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज सेल्फमुळे १०-११ पर्यंत खाली जातं, आणि मागून एलएफपी जोरात करंट ढकलायला लागते. वायर, रिले, फ्यूज आणि एलएफपीच्या पोटातलं बीएमएस, चौघांपैकी जो कच्चा असेल तो आधी जातो.

दुसरी अडचण चार्जिंगच्या करंटची. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की स्वतःच हात आखडता घेते. एलएफपीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की मिळेल तेवढा करंट ती शेवटपर्यंत घेत राहते. मग करंटला लगाम कोण घालणार? थेट जोडणीत फक्त मधली वायर. समजा अल्टरनेटर १४.२ देतोय आणि एलएफपी १३.० ला आहे, फरक १.२ व्होल्ट. जाण्या-येण्याची मिळून १० मीटर, १० स्क्वेअरची वायर असेल तर तिचा रोध १७.५ मिलीओम. बॅटरी आणि सांधे मिळून आणखी दहा धरा. करंट साधारण ४४ अँपिअर. आता कोणी 'वायर जाडच पाहिजे' म्हणून ३५ स्क्वेअरची टाकली, तर रोध ५ मिलीओमवर येतो आणि करंट ८० अँपिअरकडे जातो. म्हणजे एरवी जी गोष्ट चांगली, तीच इथे अंगाशी येते.

९० अँपिअरच्या अल्टरनेटरमधून ८० अँपिअर मागे, वर गाडीचा स्वतःचा खर्च वेगळा. हा ९० चा आकडा थंड अल्टरनेटर वेगात फिरत असतानाचा असतो. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५-६० टक्के धरली, तर पूर्ण भारावर त्याच्या आत जवळपास एक किलोवॉट उष्णता तयार होते, म्हणजे कपड्यांची इस्त्री आत चालू ठेवल्यासारखं. त्याला थंड करणारा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात ट्रॅफिक तुंबलंय, इंजिन रेंगाळतंय, एसी, वायपर आणि हेडलाइट चालू आहेत, आणि मागे रिकामी एलएफपी तोंड उघडून बसली आहे: अल्टरनेटर जळण्यासाठी याहून चांगली परिस्थिती नाही.

नव्या गाड्यांचा अल्टरनेटर

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस ६ लागू झालं, आणि नव्या गाड्यांमध्ये 'स्मार्ट' अल्टरनेटर वाढत गेले. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरी किती भरली आहे हे गाडीच्या संगणकाला सांगतो, आणि इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज कमी-जास्त करतो. सरळ रस्त्यावर बॅटरी पुरेशी भरलेली असेल तर साडेबारा व्होल्टपर्यंतही खाली आणतो. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की १५ च्या आसपास नेतो, म्हणजे फुकटची ऊर्जा बॅटरीत जाते.

अशा गाडीत व्हीएसआर म्हणजे पूर्ण गोंधळ. हायवेवर तीन तास चाललात, तो म्हणतो इंजिन बंद आहे. उतार लागला की जोडतो आणि थेट १५ व्होल्ट मागे पाठवतो, जे एलएफपीचं बीएमएस सहसा सहन करत नाही. तुमच्या गाडीत हा प्रकार आहे का हे ओळखायला निगेटिव्ह खुंटीवर चपट्या डबीसारखा सेन्सर आणि त्याला बारीक वायरचा कनेक्टर दिसतो का ते बघा. मग सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा व्होल्टमीटर घेऊन अर्धा तास गाडी चालवा. आकडा १३.८ ते १४.४ मध्ये स्थिर राहिला तर साधा, खाली-वर नाचला तर स्मार्ट.

डीसी-डीसी चार्जर

या सगळ्यावरचा आजचा उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. दोन टाक्या नुसत्या पाइपने जोडल्या की पाणी दोन्हीकडे वाहतं आणि पातळी सारखी होते. डीसी-डीसी चार्जर म्हणजे पाइपच्या जागी बसवलेला पंप. एकाच दिशेने, ठरलेल्या वेगाने, आणि समोरच्या टाकीची उंची कितीही असो. पुढून १२.५ येवो की १५, मागे तो एलएफपीला हवे तेवढेच १४.२-१४.४ व्होल्ट देतो, आणि करंट २० किंवा ३० अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. तोडायचं कधी आणि किती जाऊ द्यायचं, हे दोन्ही प्रश्न एकाच डबीत सुटतात.

फक्त, इंजिन चालू आहे की नाही हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. बरेच चार्जर व्होल्टेज बघून ओळखतात, पण स्मार्ट अल्टरनेटर असेल तर त्यावर भरवसा नको. इंजिन चालू असतानाच वीज येते अशा ठिकाणावरून एक बारीक सिग्नल वायर चार्जरपर्यंत न्या.

किती अँपिअरचा घ्यायचा? मोठा आकडा बघून घेऊ नका. ३० अँपिअरचा चार्जर १४.२ व्होल्टला ४२६ वॉट देतो. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर ४८४ वॉट आत घेतो, आणि पुढे १३.२ व्होल्ट असतील तर ते ३७ अँपिअर होतात. व्होल्टेज साडेबारापर्यंत आलं तर ३९. म्हणजे चार्जरवर ३० लिहिलं असलं तरी अल्टरनेटरवरचा बोजा ४० चा धरायचा. ९० अँपिअरच्या अल्टरनेटरवर, शहरात आणि घाटात रेंगाळणाऱ्या व्हॅनमध्ये, मी २० चाच बसवेन. वर काढलेला दिवसाचा ८४ एएचचा खर्च २० अँपिअरने सव्वाचार तासांत भरून निघतो. पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत रिकामी बॅटरी जवळपास भरलेली. रोज गाडी हलवणार नसाल तर मोठा चार्जर लावून उपयोग नाही, छतावर सोलर पॅनल लावा.

चार्जर इंजिनच्या खोलीत बसवू नका. तो स्वतःच पन्नास-साठ वॉट उष्णता सोडतो, त्याला मोकळी हवा हवी. घरच्या बॅटरीजवळ बसवा: लांब वायरमधली व्होल्टेजची तूट त्याच्या इनपुटला आली तर तो ती भरून काढतो, पण आउटपुटला आली तर बॅटरीला चुकीचं व्होल्टेज मिळतं.

वायर आणि फ्यूज: इथे काटकसर नको

इतका वेळ गाडी चालू होईल की नाही याबद्दल बोललो. पण या कामात खरी भीती आगीची आहे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. शॉक बसत नाही हे खरं, पण बॅटरी शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या पुढे करंट देऊ शकते, आणि तेवढ्यात वायरचं इन्सुलेशन काही सेकंदांत पेट घेतं. त्या वायरच्या वर लाकडी फळ्या, फोमची गादी आणि झोपलेली माणसं असतात.

माझ्या एका मित्राच्या व्हॅनमध्ये ही मधली वायर ड्रायव्हरच्या सीटखालून नेली होती. फ्यूज नव्हता. सीट पुढे-मागे करताना रुळाची कड वायरवर घासत राहिली. आम्ही बघितलं तेव्हा तांबं उघडं पडलं होतं, आणि रूळ म्हणजे बॉडी अर्थ. अजून थोडं घासलं असतं तर पुढचं सांगायला नको. ज्याने काम केलं त्याचं म्हणणं होतं, "बॅटरीच्या वायरला कुठे फ्यूज असतो?" त्याचा अनुभव सेल्फच्या केबलचा होता. तिला खरंच फ्यूज नसतो, पण ती हातभर लांब असते आणि कंपनीने नीट बांधलेली असते. ही पाच मीटर लांब असते आणि आपण बांधलेली असते.

म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना. पुढच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात एक, मागच्या बॅटरीपासून वीतभर अंतरात दुसरा. दोन का? कारण वीज दोन्ही बाजूंना आहे. वायर मध्येच शॉर्ट झाली आणि पुढचा फ्यूज उडाला, तरी मागची बॅटरी तिच्या बाजूने करंट ओततच राहणार. फ्यूज यंत्राला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. म्हणून त्याचा आकडा नेहमीच्या करंटपेक्षा जास्त आणि वायरच्या क्षमतेपेक्षा कमी. ३० अँपिअरच्या चार्जरला इनपुटवर ६० चा ठीक. एलएफपीच्या खुंटीवरच्या मुख्य फ्यूजचं आणखी एक बघायचं: तो किती करंट सुरक्षितपणे तोडू शकतो. साधारण मेगा फ्यूज २,००० अँपिअरपर्यंत तोडतो, क्लास टी २०,००० पर्यंत. एलएफपी शॉर्टमध्ये काही हजार अँपिअर देऊ शकते, त्यामुळे तिथे क्लास टी महाग असला तरी घ्या. घरच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातला एमसीबी इथे लावू नका. तो एसीसाठी असतो, जिथे करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी आपोआप विझते. डीसीत तसं होत नाही.

वायर किती जाड? तांब्यासाठी सूत्र सोपं: करंट गुणिले एकूण लांबी (जाण्याची अधिक येण्याची) गुणिले ०.०१७५, भागिले स्क्वेअर एमएम. ३८ अँपिअर आणि १० मीटर धरून, २.५ स्क्वेअरची वायर २.६६ व्होल्ट खाते आणि तिच्यात शंभर वॉट उष्णता तयार होते. १० स्क्वेअरला तूट ०.६७, १६ स्क्वेअरला ०.४२. मी १६ घेईन. वायर अनेक तारांची, लवचिक घ्या. घराच्या वायरिंगची एकतारी वायर गाडीच्या थरथराटाने तुटते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते, दिसायला तशीच, किंमत निम्मी. टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. थिंबल पक्कडीने दाबून बसवू नका, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि सगळीकडे नालीदार पाइप.

निगेटिव्हसाठी एक गोष्ट. स्मार्ट अल्टरनेटर असेल तर घरच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॅटरीच्या खुंटीवर जोडू नका, सेन्सरच्या पलीकडे बॉडी अर्थवर जोडा. नाहीतर जाणारा करंट सेन्सरच्या हिशेबात येतच नाही आणि गाडीचा संगणक फसतो.

जोडताना आणि जोडल्यावर

हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. सुरुवातीला निगेटिव्ह काढायचं, शेवटी निगेटिव्हच लावायचं. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल तर तोच शॉर्ट.

काम झालं की मल्टिमीटर घेऊन दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज तीनदा लिहून ठेवा: इंजिन बंद असताना, चालू असताना, आणि बंद करून अर्ध्या तासाने. तिसऱ्या वेळी मधल्या वायरमधून करंट वाहत नाही हे टाँग टेस्टरने बघा. टेस्टर डीसी मोजणारा हवा. इलेक्ट्रिशियनकडचा साधा टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो आणि इथे खुशाल शून्य दाखवतो. मग तासभर गाडी चालवून फ्यूज आणि थिंबलना हात लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तो सांधा कच्चा आहे, पुन्हा करा.

घरची बॅटरी म्हणून ट्यूब्युलरच वापरणार असाल तर ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. झोपायच्या जागेत ती उघडी ठेवू नका. बंद पेटी आणि बाहेर जाणारी नळी हवी. तिला पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात, जे ड्रायव्हिंगमध्ये सहसा मिळत नाहीत, म्हणून तिच्या जोडीला सोलर असलेलं बरं.

एलएफपीवाल्यांसाठी थंडीचा मुद्दा आहे. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. महाराष्ट्रात ही वेळ येत नाही. पण व्हॅन घेऊन लेहला जाणार असाल तर सरचू किंवा पांगच्या मुक्कामात सीझनमध्येही रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आणि सकाळी तुम्ही इंजिन चालू केल्या क्षणी चार्जर थंडगार बॅटरीत करंट ढकलायला लागतो. बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग तोडण्याची सोय आहे का हे बॅटरी घेतानाच विचारा. नसेल तर सिग्नल वायरवर एक छोटा स्विच बसवून घ्या, आणि बॅटरीला ऊब येईपर्यंत तो बंद ठेवा.

आणि एवढं करूनही कधी गाडीचीच बॅटरी बसली, दिवे चालू राहिले वगैरे, तर एलएफपीवरून थेट सेल्फ मारू नका. बीएमएस एवढा करंट देणार नाही, तोडून मोकळं होईल. फ्यूज असलेल्या जंपर वायरने दोघी जोडा, पंधरा-वीस मिनिटं चहा करा, जंपर काढा, मग किल्ली फिरवा. पाव एएच तर लागतो.